प्रतिक्रियेला उत्तर : गॅदरिंग बघून डान्स क्लास ठरवावा का?

'एक पालक, डोंबिवली' यांस,

मुलांसाठी नृत्याचा क्लास कसा निवडावा, यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की वार्षिक कार्यक्रमावर जाऊ नका, रोजची बॅच बघा. ते तुम्हाला चांगलंच झोंबलेलं दिसतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आम्हाला नाचातलं ओ की ठो कळत नाही, मग स्टेजवर दिसतं तोच आमचा पुरावा. लोकलने लोंबकळत घरी येणाऱ्याने बॅच बघायची कधी? फिल्मी गाणी आणि लावणी यांना मी नाक मुरडते. दहावीच्या वाढीव गुणांबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि माझा स्वतःचा क्लास असणार, म्हणूनच मी इतरांना नावं ठेवते.

शेवटचं आधी निकालात काढते. माझा क्लास नाही. कथक शिकले, विशारद झाले आणि आता तुमच्यासारखीच लोकलने नोकरीला जाते.

आता गॅदरिंग. एका गाण्यावर पंचवीस-तीस मुलं, सगळा तीन-चार मिनिटांचा मामला. पुढच्या ओळीत कोण असतं? जिला उपजतच जमतं ती, नाहीतर बरीच वर्षं शिकलेली. मागची पोरं दिव्यांत, स्पीकरच्या आवाजात आणि ड्रेपरीच्या झगमगाटात खपून जातात. पुढच्या वेळी जरा विंगेकडे लक्ष ठेवा. तिथे ताई स्वतः नाचून स्टेप दाखवत असतात आणि अर्ध्या मुलांच्या माना त्याच बाजूला वळलेल्या असतात. त्यात शिकणं किती आणि बघून उचलणं किती, हे प्रेक्षागृहातून माझ्यासारखीलाही सांगता यायचं नाही. शिवाय डिसेंबरच्या त्या चार मिनिटांसाठी दसऱ्यापासून बाकी सगळं गुंडाळून ठेवलं असेल, तर फी कसली भरली, हा प्रश्न उरतोच.

'आम्हाला कळत नाही' हे मात्र मला मान्य नाही. कथकची अगदी पहिली गोष्ट घ्या, ततकार, म्हणजे बोलांवर पाय टाकणं. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजव्या पायाने सुरुवात, मग डावा, उजवा, डावा. म्हणजे 'तत्' पडतो डाव्यावर. आणि पुढचा 'आ' पुन्हा डाव्यावरच! एकच पाय लागोपाठ दोनदा. नवीन मुलं हमखास इथे घसरतात, कारण शरीराला आलटून पालटून पाय टाकायची सवय असते. भाचीसाठी क्लास बघत फिरत होते तेव्हा मी एवढंच बघायचे, की या 'तत् आ'पाशी चुकलेल्या मुलीचं पुढे काय होतं. एका ठिकाणी ताईंनी आवाज चढवला आणि लेहऱ्याचं, म्हणजे तालासाठी सतत वाजणाऱ्या धुनेचं ॲप तसंच चालू ठेवलं. मागच्या ओळीतली ती मुलगी शेजारणीच्या पायांकडे बघत कशीबशी रेटत राहिली. दुसरीकडे ताईंनी ॲप बंद केलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. समोर नाही, शेजारी, कारण समोरून दाखवलं की मुलांचा डावा-उजवा उलटा होतो. फक्त 'तत् आ, तत् आ' एवढंच सावकाश करून घेतलं, मग ठाय म्हणजे संथ लयीत पूर्ण ओळ, मग बरोबरीच्या लयीत, मग दुगुन म्हणजे दुप्पट वेगात. बाकीच्या मुली तोवर हातावर ताल धरून बोल म्हणत होत्या. खोली साधी, भिंतीवर आरसा नाही की बाहेर मोठा बोर्ड नाही. भाचीचं नाव तिथे घातलं.

हे बघायला नाचातलं काय कळावं लागतं? घरबसल्या करण्याजोगी परीक्षाही आहे. मुलीला म्हणा, एखादा तुकडा, म्हणजे नाचायच्या बोलांची छोटी रचना, हातावर ताल धरून नुसता म्हणून दाखव. याला पढंत म्हणतात. तीनतालाच्या 16 मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नववी 'खाली', म्हणजे तिथे टाळी नाही. तुकड्याच्या शेवटी बहुतेक वेळा तिहाई येते, म्हणजे एकच बोलपंक्ती तीनदा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल बरोबर समेवर, पहिल्या टाळीवर पडायला हवा. पडला की कानाला आपोआप कळतं, भजनी मंडळात टाळ चुकला की कळतं तसं. वर्ष झालं, चार गाणी बसली आणि एकही तुकडा तोंडाने म्हणता येत नाही, असं असेल तर क्लासमध्ये काय चाललंय ते ओळखा.

वेळेचं म्हणाल तर रोज दाराशी ठाण मांडा, असं मी म्हटलेलंच नाही. पालक समोर बसले की मुलं ताईंकडे बघायचं सोडून आईकडे बघतात, हे तुमचं निरीक्षण अगदी खरं. शनिवारची बॅच सुटायच्या आधी पंधरा मिनिटं पोहोचा, तेही महिन्यातून एकदा. एवढ्यालाही 'आत यायचं नाही, दाराबाहेर थांबा' असं उत्तर मिळत असेल, तर त्या क्लासचं नाव कितीही मोठं असो, मी मूल पाठवणार नाही.

नावावरून आठवलं. बोर्डावर मोठ्या गुरूंची परंपरा लिहिलेली असते आणि ती बहुतेकदा खरीही असते. रोहिणी भाटे यांनी पुण्यात 1947 साली नृत्यभारती सुरू केली, त्या परंपरेत शिकलेल्यांचे वर्ग आज किती ठिकाणी आहेत! पण मंगळवार-गुरुवारची छोट्यांची बॅच नक्की कोण घेतं, ते विचारा. पुष्कळदा कॉलेजातली शिष्या घेते. त्यात वाईट काही नाही, ती कधीकधी ताईंपेक्षा जास्त जीव लावून शिकवते. फक्त ते आधी माहीत असावं. जमीनही बघून घ्या. काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर तासभर पाय आपटणं सात वर्षांच्या गुडघ्यांना आणि टाचांना बरं नव्हे. लाकडी फळ्यांची जमीन आपल्याकडे विरळाच, म्हणून मग आधी अंग मोकळं करून घेतात का आणि मध्ये विश्रांती देतात का, हे पाहायचं. पहिल्याच महिन्यात पायागणिक शंभर घुंगरांची जोडी गळ्यात मारणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. एवढ्या लहान मुलीला पंचवीस भरपूर झाले.

लावणीबद्दल तुम्ही विचारलंत, 'मग मुलींनी करायचीच नाही का?' करायची की. पण लावणी सोपी आहे असं वाटणाऱ्यांचा मला राग येतो. बैठकीच्या लावणीत बसल्या जागी, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी एक ओळ दहा तऱ्हांनी सांगायची असते. त्याला गाण्याचा अर्थ कळायला लागतो, वय लागतं. सात वर्षांची मुलगी त्यातलं काय करणार? भुवई उडवणार, ओठ चावणार, आणि प्रेक्षागृहात मोठी माणसं शिट्ट्या मारणार. माझा आक्षेप त्याला आहे, लावणीला नाही. याच मुलींना कोळीगीत द्या, लेझीम द्या, दिंडी द्या, बघा कशा रंगतात. फिल्मी गाणंही चालेल, मात्र ते शिकवणाऱ्यानेसुद्धा आठाचा काउंट पक्का करून घेतला पाहिजे.

राहिले वाढीव गुण. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा अशी परीक्षांची शिडी आहे आणि त्यावर दहावीला गुण मिळतात, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटसारखे. मिळतात तर घ्यावेत. मुलीने प्रारंभिकचा अभ्यासक्रम चार महिन्यांत घोकला की वर्षभरात मुरवला, एवढंच ताईंना विचारा.

तुम्ही शेवटी लिहिलंय, 'मग काढू का तिला क्लासमधून?' माझ्या सांगण्यावरून मुळीच काढू नका. तिला जायला आवडतंय असं तुम्हीच म्हणताय. परीक्षेचा फॉर्म भरला असेल तर देऊ दे परीक्षा. या शनिवारी थोडं आधी जाऊन ते 'तत् आ' बघून या. आणि गॅदरिंगच्या गाण्याबद्दल ताईंशी बोलायचं असेल तर आत्ताच बोला. ड्रेपरीवाल्याकडे ॲडव्हान्स गेला की कुणी गाणं बदलत नाही.