बदली परदेशी

गेल्या रविवारी एका आजोबांनी मला मेपलच्या झाडाखाली 25 मिनिटं वर बघत उभं केलं, आणि मग खरा परदेशी मिळाला म्हणून बाजूला व्हायला सांगितलं. आज शुक्रवार. मान अजून उजवीकडे वळत नाही.

आधीचं थोडक्यात. मी पुण्याचा. जपानमध्ये ओकायामा प्रांतातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक आहे. मुख्य बाई जपानीतून इंग्रजी व्याकरण शिकवतात आणि त्यांनी मान हलवली की मी 'रिपीट आफ्टर मी' म्हणतो. टेपरेकॉर्डरला जेवायला लागत नाही, मला लागतं, एवढाच फरक. ते जेवणही वर्गात, मुलांबरोबर, आणि ताटात काहीही असो, सोबत दूध. तळलेला मासा आणि दुधाची बाटली शेजारीशेजारी बघून आईने व्हिडिओ कॉलवर 'विरुद्ध आहार!' असं काही किंचाळून सांगितलं की शेजारच्या काकू धावत आल्या.

तर सध्या इथे शरद ऋतू चालू आहे. आपल्याकडे शरद म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा आणि कोजागिरीचं मसाला दूध, संपला विषय. इथे शरद हे पूर्णवेळ काम आहे. खाण्याचा शरद, वाचनाचा शरद, खेळांचा शरद, असे त्याचे अधिकृत प्रकार आहेत, आणि तुम्ही यातला कुठला करताय असं लोक मनापासून विचारतात. 1 ऑक्टोबरला शाळेत हिवाळी गणवेश चढतो. उन्हाने वर्गातला फळा तापलेला असला तरी चढतो. सगळ्यात वरताण म्हणजे 'मोमिजी', लाल झालेली मेपलची पानं. नोव्हेंबरात बातम्यांमध्ये पावसाच्या नकाशासारखा पानांचा नकाशा दाखवतात: इथे पिवळी, तिथे लाल, तिकडे गळायला लागली. सोमवारी शिक्षक-खोलीत पहिला प्रश्न, 'रविवारी मोमिजी बघायला कुठे गेलात?' मी एकदा खरं सांगितलं, 'झोपलो होतो.' उपमुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर असं दुःख पसरलं की घरात काही वाईट घडलंय की काय असं मलाच वाटलं.

बरं, जावं तर परतताना सगळ्या शिक्षक-खोलीसाठी त्या गावची मिठाई आणायची. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात. आमच्याकडे 32 माणसं. म्हणजे हिरोशिमाजवळच्या मियाजिमाला जाऊन लाल पानं बघायची तर 32 मोमिजी मांजू हवेत, आणि ते मेपलच्या पानाच्या आकाराचे असतात, म्हणजे पानं पुन्हा विकतच घ्यायची. मी पुणेकर आहे. विचार केला, ओकायामा शहरातच जाऊ. इथून इथेच मिठाई कोण आणतं? पुण्यातून पुण्यात बाकरवडी आणल्यासारखं होईल ते.

म्हणून कोराकुएन. हे मोठं जुनं उद्यान आहे. 1700 साली पुरं झालं, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. आसाही नावाच्या नदीतल्या बेटावर आहे, आणि पलीकडच्या काठावर ओकायामाचा काळा किल्ला. किल्ला दिसायला एकदम जुना. पण मूळचा मनोरा 1945 च्या बाँबहल्ल्यात जळला, हा 1966 चा, काँक्रीटचा. मला या बागेचं कौतुक वेगळ्याच कारणाने. सिंहगड रोडवरचं आपलं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान याच बागेच्या धर्तीवर बांधलंय. माझं कॉलेजचं अर्धं आयुष्य त्या हिरवळीच्या कडेने गेलं. कडेनेच, कारण आत पाऊल टाकलं की वॉचमन शिट्टी मारायचा. त्यामुळे कोराकुएनच्या दारातून मी शिरलो तो पाहुणा म्हणून नाही, चुलतभाऊ म्हणून. इथेही पाय हिरवळीकडे वळला आणि कान आपोआप शिट्टीची वाट बघायला लागले.

आत 'चिशिओ नो मोरी' म्हणून मेपलची राई आहे, शंभरेक झाडं. चिशिओ म्हणजे रंगात पुन्हा पुन्हा बुडवून काढलेलं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. ऊन पानांतून खाली येताना लाल होऊन येत होतं. मी आईला पाठवायला फोटो काढत होतो, तेवढ्यात डोळ्यांवर चर्रकन प्रकाश पडला.

समोर एक आजोबा. पंचाहत्तरीचे असतील. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात दुधी भोपळ्याएवढ्या लेन्सचा कॅमेरा. शेजारी आजी, हातात गाडीच्या काचेला उन्हात लावतात तो चंदेरी पडदा. त्याचा झोत माझ्या तोंडावर. आजी पडदा न हलवता वाकून वाकून माफी मागत होत्या. त्या वाकल्या की झोत माझ्या पोटावर यायचा, उठल्या की पुन्हा डोळ्यांत.

'परदेशी का?' आजोबांनी विचारलं. जपानीत.

'हो.'

'छान. तिथेच थांबा.'

त्यांच्या फोटो क्लबची स्पर्धा होती. विषय, 'शरद आणि जग'. शरद डोक्यावर लटकलेला होताच, जगाची उणीव होती. मला वर बघायला सांगितलं. बघितलं.

'आश्चर्य हवं,' आजोबा म्हणाले. 'आयुष्यात पहिल्यांदा लाल पान बघताय असं.'

मी सांगितलं, आमच्या सोसायटीत देशी बदामाची दोन झाडं आहेत, त्यांची पानं लालभडक होतात, सकाळी झाडूवाल्या मावशी त्यांचा ढीग करून पेटवून देतात. आजोबांनी हे नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'ते विसरा.'

मी विसरलो. तोंड उघडलं. 'जास्त झालं,' म्हणाले. मिटलं. 'आता दात दुखतोय असं वाटतंय.' डावा पाय पुढे. नको, मागे. पाठीवरची पिशवी काढा. नको, घाला, प्रवासी वाटत नाही. मध्ये ढग आला तेव्हा आम्ही तिघं ढग जायची वाट बघत थांबलो. आजींनी थर्मासमधून चहा दिला. मी वर बघतच प्यायलो, कारण हलू नका अशी ताकीद होती. अर्धा हनुवटीवरून जाकिटावर.

'कुठले तुम्ही?'

'भारतातला.'

'ओ. करी.' एवढंच. हे इथे पूर्ण वाक्य आहे.

'काय करता?'

'शाळेत शिकवतो.'

'योग?'

'इंग्रजी.'

आजोबांनी कॅमेरा खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, आजींकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आणि अत्यंत निर्मळ कुतूहलाने विचारलं, 'का?'

या 'का'ला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. मी एम.ए. इंग्रजी आहे. सात वर्षं पुण्यात शिकवून आलोय. तरी शाळेत पालकांशी ओळख करून देताना उपमुख्याध्यापक म्हणतात, 'हे भारताचे आहेत, पण यांचं इंग्रजी फार छान आहे.' त्या 'पण'वर मी इथला पगार खातो. माझ्या आधी या जागेवर ऑस्ट्रेलियाचा एक मुलगा होता. त्याला 'इट्स' कुठे आणि 'इट'स' कुठे ते माहीत नव्हतं, हे त्याच्या फळ्यावरच्या तक्त्यात मी अजून रोज बघतो. त्याच्या ओळखीत 'पण' नव्हता म्हणे. (तक्ता काढायची परवानगी मी दोनदा मागितली. आठवण म्हणून ठेवलाय.) चिडायला मला फार तोंड नाही, हेही खरं. पुण्यात आमच्या सोसायटीने आफ्रिकन विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं ठरवलं, त्या मीटिंगला मी होतो. समोसे खात होतो. पण झाडाखाली उभं असताना माणसाला समोसे आठवत नाहीत, मानच आठवते.

आणि तेवढ्यात ते दोघं आले. उंच, सोनेरी केस, गालांवर थंडीचा लाल रंग, जणू मोमिजीच. आजोबांच्या तोंडून एक 'आआ' निघाला. आख्ख्या 25 मिनिटांत माझ्यासाठी निघाला नव्हता.

'सेन्सेई,' ते मला म्हणाले. तोवर मी नुसता 'तुम्ही' होतो, आत्ता गुरुजी झालो. 'सेन्सेई, आपण इंग्रजीचे शिक्षक. जरा यांना विचारता का?'

मी विचारलं, माझ्या उत्तमातल्या उत्तम इंग्रजीत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. 'इंग्लिश, लिटल,' तो म्हणाला. 'वी, चेक.' मग एम.ए. इंग्रजीने हातवारे केले. वर बोट, डोळे मोठे, तोंड उघडं: आश्चर्य. त्यांना एका झटक्यात जमलं. अर्थात, जमणारच, मी 25 मिनिटं तालीम करून नमुना तयार ठेवला होता.

आजींचे हात भरून आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाकल्या. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईने एवढं वाकावं आणि आपण मख्ख उभं राहावं असं आपल्याला शिकवलेलं नाही. पुढची दहा मिनिटं चंदेरी पडदा मी धरला. झोत जगावर पाडत होतो.

निघताना आजोबांनी शाळेचं नाव लिहून घेतलं, फोटो नक्की पाठवतो म्हणाले. मी राईतून निघालो तो सरळ क्रौंचांच्या पिंजऱ्यांपाशी. लाल टोपीचे पांढरे क्रौंच, बागेची शान. महायुद्धानंतर इथे क्रौंच उरले नव्हते. 1956 साली चिनी लेखक ग्वो मोरुओ यांनी दोन चीनहून पाठवले. तरुणपणी ते इथे ओकायामात शिकायला होते. पहिली जोडी परदेशी होती, तर त्यांना 'का?' म्हणून कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. एक क्रौंच माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने पाठ केली.

संध्याकाळी आईला फोटो पाठवला. तिचा उलट मेसेज: 'सिंहगड रोडला कधी आलास? घरी का नाही आलास?'

काल शाळेत पाकीट आलं. आजोबा शब्दाचे पक्के. सुबक अक्षरात चिठ्ठी, 'आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल', आणि मोठा, चकचकीत फोटो. चेक जोडपं वर बघतंय, तोंडं अर्धवट उघडी, लाल पानं, सोनेरी केस. डाव्या कडेला चंदेरी पडद्याचा कोपरा, आणि त्याला चिकटलेलं, चहाचा डाग पडलेलं, माझ्या जाकिटाचं कोपर.

उपमुख्याध्यापकांनी फोटो दोन्ही हातांनी धरून बघितला. 'आपले मित्र का?'

'ते कोपर माझं आहे,' मी म्हटलं.

'हो हो,' ते खूश होऊन म्हणाले, 'शेवटी गेलात मोमिजीला!'

फोटो आता जिन्याजवळच्या 'आंतरराष्ट्रीय सामंजस्य' फलकावर लागलाय, ऑस्ट्रेलियनच्या तक्त्याशेजारी. खाली इंग्रजीत दोन ओळी हव्यात, सोमवारपर्यंत. त्या मला लिहायच्यात. आणि मिठाईचं काय, असं गणिताच्या बाईंनी हळूच विचारलंय.