‘उरलेले दोन आठवडे कुणाचे?’ या प्रतिक्रियेस उत्तर

सन्माननीय वाचक,

गरोदरपणाच्या तारखांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, सोनोग्राफीच्या कागदावर आठ आठवडे लिहिलेले असताना नवऱ्याला घरी येऊन सहाच आठवडे झाले असतील, तर उरलेल्या दोन आठवड्यांचा जाब बाईनेच द्यायला हवा. माझ्यासारख्या बाया तो घोळ विज्ञानाच्या पदराखाली झाकतात. आणि एवढीच खात्री असेल तर मूल पोटात असतानाच डीएनए तपासणी करून मोकळे व्हावे. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत तीन-चार दिवसांचा फरक पडतो, असे मी लिहिले होते, तेही आपण चूक ठरवले आहे. ती चूक मला मान्य आहे. हा फरक पाच ते सात दिवसांचा धरतात, आणि लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

‘माझ्यासारख्या बाया’ या शब्दांना माझी हरकत नाही; आमच्या खानापूर भागात तो साधा शब्द आहे. हरकत आहे ती ‘झाकतात’ या शब्दाला. या तालुक्यात मी 31 वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, आणि ज्या दोन आठवड्यांबद्दल आपण एवढ्या तावातावाने लिहिले, ते मी त्या काळात दारोदार जाऊन समजावले आहेत. तेव्हा ते झाकण्याचा आरोप निदान माझ्यावर तरी नको होता.

पुन्हा एकदा सांगते. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस बाईच्या लक्षात असतो आणि बीज कधी सुटले ते कुणाच्याच लक्षात नसते. समजा, पाळी 24 ऑगस्टला आली आणि नवरा गणपतीसाठी 6 सप्टेंबरला गावी आला. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल, तर बीज साधारण चौदाव्या दिवशी, म्हणजे नवरा आल्यानंतरच, सुटते. 19 ऑक्टोबरला सोनोग्राफी केली तर कागदावर आठ आठवडे येतात आणि नवऱ्याला येऊन सहा आठवडे व एक दिवस झालेला असतो. म्हणजे आपण ज्यांचा जाब मागता, त्या दोन आठवड्यांत गर्भ नव्हताच. पाळी पस्तीस दिवसांची असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते. पुरुषाचे बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकते आणि बाईचे जेमतेम एक दिवस, त्यामुळे गर्भ राहिल्याचा नेमका दिवस कोणतेही यंत्र सांगत नाही. अठ्ठावीस आठवड्यांनंतर प्रथमच सोनोग्राफी केली तर अंदाज तीन-चार आठवड्यांपर्यंत हुकू शकतो, आणि अशा कागदावरून आपण बायकांना जाब विचारायला निघाला आहात.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझे यजमान लष्करात होते. ते 12 मार्च 1987 रोजी, शिमग्याच्या तोंडावर, सुटीवर घरी आले, आणि त्यांच्या रजेच्या कागदावर तारीख होती. माझी शेवटची पाळी 26 फेब्रुवारीची. मुलगा 1 डिसेंबरला झाला. तो ज्या दवाखान्यात झाला, तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागदावर ‘चाळीस आठवडे’ असे मोघम लिहून दिले आणि समजावून सांगण्याची तसदी घेतली नाही. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक आठवडा बोटाने मागे मोजत नेला आणि त्या 24 फेब्रुवारीवर येऊन थांबल्या. त्या दिवशी त्यांचा मुलगा चौकीवर होता. मी बाजेवर पडून त्यांचे ते बोट पाहत होते. पुढचे तीन आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेक-शेगडी वेळच्या वेळी होत होती, डिंकाचा लाडूही ताटात येत होता, पण शब्द नव्हता. अखेर गावच्या सुईणीने त्यांना सुनावले, “पाळीपासनं मोजत्यात गं, दाल्ला आल्यापासनं न्हवं.” बारा मार्च ते एक डिसेंबर 264 दिवस होतात, आणि गर्भ राहिल्यापासून बाळंतपणापर्यंत सरासरी 266 दिवस धरतात. सुईणीला अक्षरओळख नव्हती. आपण पदवीधर असल्याचे आपणच लिहिले आहे.

तारखा जुळल्या म्हणून बाप तोच हे तरी कशावरून, असेही आपण एका ओळीत विचारले आहे. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता, म्हणून त्यात शिरत नाही.

राहिला डीएनएचा सल्ला. गरोदर बाईच्या रक्तात गर्भाचे डीएनए सापडते आणि त्यावरून पितृत्व तपासता येते, हे खरे आहे. पण आपल्या देशात 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा प्रसूतीपूर्व निदानाची तंत्रे ठराविक आजार व व्यंगे शोधण्यापुरतीच वापरू देतो, आणि ‘बाप कोण’ हा त्या यादीतला आजार नाही. वैध विवाह टिकून असताना झालेले मूल कायद्याने त्या नवऱ्याचेच मानले जाते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 112 मध्ये ही तरतूद होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. मूल आपले नाही असे म्हणणाऱ्या नवऱ्याने त्या काळात दोघांची गाठभेट होणे शक्यच नव्हते, हे सिद्ध करावे लागते. सुटीवर घरी आलेला माणूस ते कसे सिद्ध करणार, हे तुम्हीच सांगा. आणि मूल झाल्यावरही न्यायालये अशी तपासणी कुणी मागितली म्हणून लगेच लावत नाहीत.

आपल्या बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्याजोगे मला काही आढळले नाही. प्रतिक्रियेतील शेवटची दोन वाक्ये, जी माझ्या सुनेविषयी होती, मी काढून टाकली आहेत. ती तुम्ही पुन्हा टाकलीत तर पुन्हा काढीन.