झटका मारला म्हणजे गिअरबॉक्स गेला? हे फॉरवर्ड करण्याआधी एवढं वाचा

महिन्याभरात हा मेसेज मला चार जणांनी पाठवला आणि त्यातले दोघे तर गाडी विकायच्या तयारीत होते. मेसेज थोडक्यात असा: दहा वर्षांपेक्षा जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटका द्यायला लागली की गिअरबॉक्स संपला समजा, ऑइल लाइफटाइम असतं त्याला हात लावू नका, जुन्या बॉक्समध्ये नवं ऑइल टाकलं की तो बसतोच (म्हणजे बंद पडतो), फार तर बॅटरीची वायर काढून रिसेट मारा, स्कॅनर जो पार्ट सांगेल तो बदला, घाटात उतरताना न्यूट्रल टाका म्हणजे बॉक्सला आराम मिळतो, आणि जमेल तितक्या लवकर गाडी काढून टाका. एकेक मुद्दा घेतो, कारण असल्या मेसेजवर विश्वास ठेवून लोक धडधाकट गाड्या मातीमोल भावात देतायत आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी हे, की मेसेजमध्ये "ऑटोमॅटिक" असा एकच शब्द वापरलाय. कुठली ऑटोमॅटिक? २०१४ ला मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी आली, तो आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त अॅक्च्युएटर (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी यंत्रणा) करतो, तिथे झटका आला तर क्लच प्लेट, अॅक्च्युएटरचं ऑइल, क्लचचं कॅलिब्रेशन हे बघायचं. जुन्या होंडा सिटी आयडीएसआयच्या सीव्हीटीत (ठराविक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा बॉक्स) गाडी उचलताना थरथर व्हायची, तिथे स्टार्ट क्लच आणि त्याचं ऑइल बघायचं. आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलच्या जोरावर जोडणारं कपलिंग असलेल्या) चार-पाच स्पीडच्या जुन्या गाड्या हे तिसरंच प्रकरण. तिघांना एकच औषध कसं चालेल? पुढचं सगळं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरबद्दल लिहितोय.

"झटका म्हणजे बॉक्स गेला." हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो. साताऱ्याला आमचे काका आहेत, त्यांची २०११ ची हॅचबॅक, चार स्पीड. आर (रिव्हर्स) टाकला की धाडकन आवाज आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का. एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवता सांगितलं गिअरबॉक्स उतरवायला लागेल, पाऊण लाख धरून चला. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाजच पडलेला होता. रविवारी गेलो, बॉनेट उघडलं, काकांना हँडब्रेक ओढून ब्रेक घट्ट दाबून आर-डी-आर-डी करायला सांगितलं आणि मी बाजूला उभा राहिलो (समोर कधीच उभं राहू नका), तर इंजिन अक्षरशः उडी मारत होतं. फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं रबर फाटलेलं. दोन फाउंडेशन बदलली, धाड आवाज गेला, त्यासाठी बॉक्सला पाना पण लावला नाही.

फाउंडेशन गेलं, थ्रॉटल बॉडीत काजळी बसून आयडल चढलं, एखादी कॉइल मिस मारायला लागली, तर गाडीत बसलेल्याला ते सगळं गिअरचा झटका म्हणूनच जाणवतं. म्हणून आधी बघायचं की झटका कधी येतो. थंड असताना येतो का अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापल्यावर? प्रत्येक गिअरला का फक्त दोनातून तीनात? त्या क्षणी रेस अचानक वर जाते आणि मग गिअर पकडतो का? रेस वर गेली तर आत काहीतरी स्लिप होतंय, ते गंभीर, आणि रेस न चढता नुसता दणका बसतो तर ऑइलचं प्रेशर, सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), फाउंडेशन ही कारणं जास्त शक्य. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून हे पण बघा, गाडी गरम, एसी बंद, ब्रेक दाबून एनमधून डी टाकला की धक्का जाणवायला किती वेळ लागतो. टोयोटाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एन ते डी १.२ सेकंदांच्या आत आणि एन ते आर १.५ सेकंदांच्या आत असं दिलेलं असतं, दुसऱ्या कंपनीचा आकडा थोडा वेगळा असेल पण दोन-अडीच सेकंद लागत असतील तर ऑइल कमी आहे किंवा प्रेशर मिळत नाहीये.

आणि एक, गाडी सिग्नलवरून उठतच नाही, सगळीकडे एकाच गिअरमध्ये रडत चालते, चावी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ बरी चालते, हा बऱ्याचदा लिम्प मोड असतो. कॉम्प्युटरला कुठल्यातरी सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा सिग्नल पटला नाही की तो बॉक्स वाचवायला एकच गिअर धरून ठेवतो, बऱ्याच चार स्पीडमध्ये तिसरा. कारण पावसाळ्यात गंजलेलं एखादं कनेक्टर पण असू शकतं!

"ऑइल लाइफटाइम असतं." कोणाच्या लाइफची गोष्ट चाललीय ते मेसेजवाला सांगत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूसारख्यांना गिअरबॉक्स बनवून देते, आणि गाडीवाल्यांनी लाइफटाइम म्हटलं तरी खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की ऑइल बदला म्हणते. हे ऑइल नुसतं वंगण नाहीये, त्याच्याच प्रेशरने आतले क्लच दाबले जातात, तेच उष्णता बाहेर नेतं, आणि पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तापून तापून त्याचे गुण संपतात. लेव्हल बघायची पद्धत पण गाडीगणिक वेगळी. जुन्या होंडात इंजिन गरम करून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक बघायची, टोयोटात सगळे गिअर फिरवून पीमध्ये इंजिन चालू ठेवून बघायची, हे उलटसुलट केलं की लेव्हल चुकीचीच दिसणार. दोन थेंब पांढऱ्या टिशूवर टाका. तपकिरी झालं एवढ्यावर घाबरू नका. काळं आणि जळका वास असेल तर काळजीचं. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट मिसळलंय, गाडी तिथेच उभी करा आणि टोइंग बोलवा.

"नवं ऑइल टाकलं की बॉक्स बसतो." यात थोडं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. होतं काय, माणूस दीड लाख किलोमीटर ऑइल बदलत नाही, बॉक्स स्लिप व्हायला लागला की मग बदलतो, आतले क्लच आधीच झिजलेले असतात त्यामुळे आठवड्याभरात बॉक्स बसतो आणि दोष जातो ऑइलला. मशीन लावून प्रेशरने फ्लश केलं तर तळाचा गाळ व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचं प्रेशर वाटून देणारा भाग) जाऊन अडकू शकतो हे पण खरं, म्हणून जुन्या बॉक्सला फ्लश करू नका. नुसतं चेंबरच्या (बॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) नटमधून काढायचं, निघालं तेवढंच मोजून भरायचं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच ऑइल तसंच राहतं, एका वेळी निम्म्याच्या आसपासच निघतं, म्हणून काही दिवस गाडी चालवून परत तेच करायचं, असं दोन-तीनदा. आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, "सगळ्याला चालतं" म्हणून डब्यातून ओतलेलं नको, सीव्हीटीमध्ये तर साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं ऑइल) कधीच नको. काकांच्या गाडीचं आम्ही असंच तीनदा बदललं, दुसऱ्या वेळेनंतर एक-दोनचा उरलेला धक्का पण गेला.

बॅटरी काढल्याने काय होतं तर कॉम्प्युटरने झिजेप्रमाणे शिकलेली अॅडजस्टमेंट पुसली जाते, चार दिवस गाडी वेगळी वाटते आणि दुखणं परत येतं. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड पण जातात, म्हणजे पुरावाच गेला. बॅटरी काढायच्या आधी कोड वाचून घ्या. बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंगची वायर मात्र जरूर तपासा, व्होल्टेज पडलं की गिअर वेडेवाकडे पडतात.

स्कॅनरचं म्हणाल तर तो पार्टचं नाव सांगतच नाही. पी०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार आहे, तिकडे जाऊन वाचा, आणि स्वस्तातल्या डोंगलला बऱ्याचदा तिकडे जाताच येत नाही. पी०७४१ बघून लोक सरळ टॉर्क कन्व्हर्टर बदलतात, पण तो कोड लॉकअप (टॉर्क कन्व्हर्टर आतल्या क्लचने घट्ट जोडला जाणं) नीट होत नाहीये एवढंच सांगतो, कारण सोलेनॉइड किंवा खराब ऑइलही असू शकतं. ६०-७० च्या स्पीडला हलक्या रेसवर रंबलरवरून गेल्यासारखी थरथर होत असेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका टेकवा. लॉकअप सुटतो आणि थरथर तिथल्या तिथे थांबली तर लॉकअपकडे बघा, चालूच राहिली तर प्लग-कॉइल आधी बघा.

घाटात न्यूट्रल, हे वाचून मला राग आला. खंबाटकी नाहीतर कुंभार्ली उतरताना न्यूट्रल टाकलं की इंजिन ब्रेकिंग गेलं, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून फेड झाले (पकड गेली) की पुढच्या वळणाला गाडी थांबणार नाही. बॉक्सला आराम वगैरे काही नाही, उलट वेगात परत डी टाकताना क्लचवर जास्त ताण येतो. उतारावर एल, २ (खालचे गिअर) किंवा ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) ऑफ वापरा, ते त्यासाठीच दिलंय.

राहिलं विकायचं. बॉक्स खरोखर जातो पण, ते नाकारत नाही. तापल्यावर डी आणि आर दोन्हीत स्लिप, जळकं ऑइल आणि चेंबर उघडल्यावर धातूचा चुरा, असं तिन्ही असेल तर ओव्हरहॉलच, आणि मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेला जुना बॉक्स बसवणार असाल तर त्याचं ऑइल आणि चेंबर पण बसवायच्या आधी उघडून बघा. पण उतरवायला होकार द्यायच्या आधी गॅरेजवाल्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: ऑइलची लेव्हल आणि अवस्था, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधले कोड, आणि गेज लावून मोजलेलं लाइन प्रेशर (बॉक्समधल्या ऑइलचं मुख्य प्रेशर). हे तिन्ही न बघता जो बॉक्स उतरवा म्हणतो त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा.