‘ग्लो प्लग आहेत, मग ब्लॉक हीटर कशाला?’

कडाक्याची थंडी पडली की हा मेसेज हमखास फिरायला लागतो: “नव्या डिझेल ट्रकला ब्लॉक हीटर लागत नाही. ग्लो प्लग आहेत, सिंथेटिक ऑइल आहे. वीस मिनिटं आयडलवर ठेवा, इंजिन आपोआप तापतं. लावायचाच असेल तर रात्रभर लावा, टाकीतलं डिझेलही गोठणार नाही.”

ग्लो प्लगपासून सुरुवात करू. त्याचं, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवलेल्या विजेच्या छोट्या कांडीचं, टोक काही सेकंदांत लालबुंद होतं, हे खरं. पण तापतं काय? सिलिंडरमधली जराशी हवा. तिच्या भोवती शेकडो किलो लोखंड उणे २० अंशांवर थिजलेलं असतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की जी उष्णता तयार होते तिच्यावरच डिझेल पेटतं, आणि गार भिंती नेमकी तीच उष्णता शोषून घेतात. त्यात सेल्फ जड फिरतो, दाब सावकाश चढतो आणि तेवढ्यात पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हवा निसटते. उणे १८ अंशांना बॅटरीचा जोरही जवळपास निम्म्यावर आलेला असतो, आणि ग्लो प्लगला वीज पुरवायची तीही तिनेच. बऱ्याच मोठ्या इंजिनांना तर ग्लो प्लगच नसतात. आत येणारी हवा तापवणारी जाळी असते. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं.

ब्लॉक हीटरचं काम वेगळं. तो भिंतीतल्या सॉकेटमधून वीज घेतो आणि धातूच गरम करतो. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या, अंगाला ओतकामाची भोकं बुजवणारी गोल टोपणं असतात. बहुतेकदा त्यातलं एक काढून हीटरची कॉइल तिथे थेट कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणाऱ्या द्रवात) बसवतात. तापलेलं कूलंट वर सरकतं, गार खाली येतं. पंप फिरावा लागत नाही. पिन लावून काही मिनिटांनी बॉनेटखाली कान दिलात तर आधण यायच्या आधी भांडं सुंसुं करतं तसा बारीक आवाज बहुधा ऐकू येतो. नाहीच आला, तर पिन सॉकेटमधून काढून मीटर लावा. २३० व्होल्टच्या १००० वॅट हीटरला ५० ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा. सर्किट उघडं दाखवलं तर कॉइल गेली किंवा वायर तुटली.

सिंथेटिक ऑइलचा मुद्दा अर्धा मान्य. गारठ्यात इंजिन फिरेल इतकं ऑइल पातळ राहतं का, ही क्रँकिंग चाचणी १५डब्ल्यू ऑइलची उणे २० ला होते, सिंथेटिकमध्ये सहज मिळणाऱ्या ५डब्ल्यूची उणे ३० ला, म्हणजे फरक मोठा आहे. उलट हीटरची बाजू घेणाऱ्यांनीही एक कबूल करावं: कूलंटमधला हीटर इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमधलं ऑइल फारसं तापवत नाही. त्यासाठी चेंबरला चिकटवायचा वेगळा हीटर मिळतो. पण ऑइल पातळ राहिलं म्हणून सिलिंडरच्या भिंती गरम होत नाहीत.

आयडलचं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवण्याचं, काय? आधी इंजिन सुरू तर व्हायला हवं! आणि झालंच, तरी आयडलवर डिझेल इंजिन भरपूर हवा ओढतं आणि इंधन थेंबभर जाळतं, त्यामुळे तापायला फार वेळ घेतं. अर्धवट जळालेलं डिझेल भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, काजळी एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये साचते. मोठा ट्रक असा तासभर उभा राहिला तर तीनेक लिटर डिझेल जातं. ऑइल प्रेशर आलं, दोन-चार मिनिटं गेली की हळू चालवत निघावं. चालताना इंजिन लवकर तापतं.

रात्रभर लावणं म्हणजे निव्वळ वीज घालवणं. तीन-चार तासांत ब्लॉक जितका तापायचा तितका तापतो; नंतर जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर पडते. १००० वॅटचा हीटर दहा तासांत १० युनिट खातो, टायमर लावून चार तासांत ४.

डिझेल गोठण्याची गोष्ट तर धोक्याची आहे. टाकी, पाइप आणि फिल्टर हीटरपासून लांब असतात. थंडीत डिझेलमधलं मेण सुटून फिल्टरमध्ये अडकतं. गरम इंजिन झटक्यात उचलतं आणि थोडं पुढे जाऊन भर रस्त्यात बंद पडतं. यावर उपाय हिवाळी डिझेल किंवा ॲडिटिव्ह, तेही मेण धरायच्या आधी टाकलेलं.

मेसेजमध्ये नसलेलं एक: कूलंट कमी असताना पिन लावू नका, कोरडी पडलेली कॉइल जळते. एक्स्टेंशन जाड, अर्थिंगचं आणि उघड्यावर वापरायचंच हवं. त्याचं एक वेटोळं ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला अडकवून ठेवा. ते काढल्याशिवाय आत चढताच येत नाही, त्यामुळे वायर फरफटत जात नाही.