जुलैत गाडी काढू नये

दुबईत राहणाऱ्या माणसाने फिरायचं ते नोव्हेंबर ते मार्च, हे शेंबडं पोरही सांगेल, पण नेमके तेव्हाच आमच्याकडे भारतातून पाहुणे असतात, त्यामुळे बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी माना वर करून उभं राहण्यात आमचा अख्खा हिवाळा जातो. स्वतःसाठी उरतात जून-जुलै. त्यात बकरी ईद चंद्राच्या हिशोबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तशी सरकत सरकत ती मधली काही वर्षं ऐन उन्हाळ्यात येऊन बसली. सुट्टी नक्की किती दिवसांची ते ऐनवेळी कळणार, आणि कळलं रे कळलं की सगळे एकाच रात्री बॅगा भरणार.

फिरायची हौस आमच्याकडे नवऱ्याला. मला नाही असं नाही, पण मला घाम येतो आणि त्याला येतो तो उत्साह. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. हे मी त्याला मुद्दाम वाचून दाखवलं, तर म्हणे, "मग? यात फिरण्याबद्दल कुठे काय लिहिलंय?" पुढे काय बोलणार!

इथला उन्हाळा म्हणजे काय ते सांगते. पाण्याची टाकी गच्चीवर, त्यामुळे थंड पाण्याच्या नळाला चहा होईल असं पाणी येतं. मग गिझर बंद ठेवायचा आणि थंड पाणी म्हणून गरम पाण्याचा नळ सोडायचा. नवीन आलेल्यांना हे समजावताना आपणच येडे वाटतो. बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं, दोन मिनिटं आंधळी कोशिंबीर. आणि उन्हात उभ्या गाडीतला सीटबेल्ट लावणं हे कसबाचं काम, कारण ते धातूचं टोक उघड्या दंडाला लागलं तर तोंडातून जे निघतं ते पोरांसमोर बोलायचं नसतं.

तर एका ईदेला जबल हफीत ठरलं. अल ऐनजवळचा डोंगर, उंची साधारण बाराशे मीटर, वरपर्यंत लोण्यासारखा गुळगुळीत वळणावळणाचा रस्ता. नवऱ्याचं गणित तयार होतं, किलोमीटरभर वर गेलं की साडेसहा डिग्री कमी, म्हणजे वर मस्त थंड. खाली गाडी 47 दाखवत होती, वर 39. गणित बरोबर आलं म्हणून तो इतका खूश की मला "39 म्हणजे थंड का रे?" हे विचारवेना. पार्किंगला बऱ्याच गाड्या, सगळ्यांची इंजिनं चालू, सगळे काचेला नाक लावून आत. प्रत्येक गाडीतून एकेक जण उतरायचा, फोटो काढायचा आणि पळत परत यायचा. आमच्याकडून कोण उतरणार यावर बरीच चर्चा झाली. शेवटी चिरंजीव गेले, आणि तिसऱ्या फोटोला फोननेच गरम झालोय असा मेसेज दाखवून मान टाकली.

उतरताना पायथ्याशी ग्रीन मुबज्जरा लागतं. छान हिरवळ, झाडं, आणि तिथलं मुख्य आकर्षण काय, तर गरम पाण्याचे झरे! जुलैत! त्यात पाय सोडून बसलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यातला एक माझा नवरा.

यावर उतारा म्हणून पुढच्या वर्षी सलाला. ओमानच्या त्या टोकाला जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत खरीफ असतो, म्हणजे समुद्रावरून धुकं येतं, भुरभुर पाऊस पडतो आणि डोंगर हिरवेगार होतात. विमानाने दोन तास. आम्ही अर्थातच गाडीने, अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. अदम सुटलं की हायमा, थुमरैत अशी नावं तासातासांनी येतात आणि मध्ये नुसतं सपाट. वळण नाही, झाड नाही, भांडायला विषय नाही. एक उंट दिसला तर गाडीत टाळ्या पडल्या. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि हॉर्नला त्याने काडीची किंमत दिली नाही.

थुमरैतच्या पुढे घाट सुरू झाला आणि एका वळणानंतर एकदम धुकं, वायपर चालू, बाहेर 25. सगळे गप्पच झाले. पुढे रस्त्याकडेला नारळ आणि केळीच्या घडांची दुकानं, पायाखाली चिखल, गायी निवांत रस्त्यात. पुढचं दिसत नाही म्हणून वादी दरबातचा धबधबा नुसता ऐकला. आजूबाजूला आखातातून आलेली कुटुंबं भर पावसात सतरंज्या टाकून, डोकी भिजवत, शेगड्या पेटवून बसलेली, छत्री एकाच्याही हातात नाही. आमचा जन्म कोकणात गेलेला, तरी आम्हीही तसेच बसलो.

आईला व्हिडिओ कॉल केला. ती बराच वेळ निरखून बघत होती. मग म्हणाली, "अगं, हे तर आपलं मागचं दार!" आणि फोन फिरवून तिने तिकडचा पाऊस दाखवला, जास्त चांगला होता.

येताना तोच घाट उलटा. डोंगराची धार ओलांडली की हिरवं संपतं ते सुरीने कापल्यासारखं, पलीकडे लगेच वाळवंट. डॅशबोर्डवरचा आकडा 26 वरून चढायला लागला, 31, 36, आणि नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी मसीरा बेट करूया का?" त्याच क्षणी पोराने वारा घ्यायला काच खाली केली, त्यामुळे आम्ही जे ओरडलो ते नेमकं कोणावर, हा वाद हायमापर्यंत पुरला.