हयातीस हरकत

गेल्या सोमवारी बँकेतील एका यंत्राने मला सलग पाच वेळा जिवंत मानण्यास नकार दिला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण हयात असल्याचे नोव्हेंबरात सिद्ध करायचे असते. पूर्वी बँकेतील यादीवर सही केली की भागत असे, परंतु 10 नोव्हेंबर 2014 रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले आणि हळूहळू सहीपेक्षा बोटाला मान आला. काउंटरवरील मुलगी म्हणाली, "काका, अंगठा नीट पुसा." मी तो सदऱ्याला पुसला, यंत्रावर ठेवला, आणि शासनाने मला पुन्हा एकदा ओळखले नाही.

1986 ते 2019 अशी 33 वर्षे मी तलाठी होतो. सातबाऱ्याचे उतारे हाताने लिहिण्यात, कार्बन कागद दाबण्यात आणि दप्तराची धूळ झटकण्यात बोटांवरच्या रेषा झिजल्या असतील तर दोष कोणाचा, हे मी त्या मुलीला समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊसाहेब, ओळखलं का?"

माजी तलाठ्याला हा प्रश्न सहसा कोणी प्रेमाने विचारत नाही. मागे वळून पाहिले तर पांढरी टोपी, हातात पैसे काढण्याची कोरी स्लिप आणि चेहऱ्यावर सत्तावीस वर्षे जपून ठेवलेले समाधान.

"1998 साली वारसाच्या फेरफारात आमच्या बापाच्या नावातला काना खाल्ला होता तुम्ही," ते रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "तो परत आणायला तहसीलला सात खेपा झाल्या. तुम्ही म्हणाला होतात, लेखनप्रमाद आहे, कलम 155 खाली अर्ज करा."

मी तसे म्हणालो असणार, कारण जमीन महसूल कायद्यात तसेच आहे. परंतु हे उत्तर बँकेच्या रांगेत उभे राहून देता येत नाही.

एवढ्यात यंत्राने सहाव्यांदा नकार दिला आणि गृहस्थांना भलताच उत्साह चढला. "ताई, यंत्र राहू द्या," ते त्या मुलीला म्हणाले, "आपण पंचनामा करू. लिहा. सदर इसम समक्ष पाहिला. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस काउंटर, पश्चिमेस पाण्याची टाकी, दक्षिणेस ह्या मावशी, उत्तरेस मी स्वतः. इसम वहिवाटीत आहे, अतिक्रमण आढळून आले नाही. ह्या मावशी एक पंच, दुसरा मी."

मावशींनी पंच होण्यास तात्काळ संमती दिली, मात्र सही येत नसल्याने आपण अंगठा देऊ, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यांचा अंगठा यंत्राने पहिल्या झटक्यात स्वीकारला असता, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

"एवढ्याने नोंद होत नाही," मी अभ्यासाच्या जोरावर बोलून गेलो. "कलम 150 प्रमाणे चावडीवर नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबावे लागते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात."

"लावा की नोटीस," ते म्हणाले. "पहिली हरकत माझी."

सगळी रांग हसली. मीही हसलो, पण मनापासून नव्हे. गारपीट झाली की पंचनामे, पाऊस हुकला की पैसेवारी म्हणजे पिकाचा अंदाज, निवडणूक लागली की मतदारयाद्या आणि मार्च आला की वसुली, असे तीन दशके चालले. सजा, म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावांचा टापू, कितीही मोठा असो, शिव्या खायला माणूस एकच असे. त्या पदाला शासनाने 2024 मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव दिले, तेव्हा मला घरी बसून पाच वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत लिहिलेल्या हजारो नोंदींतून गावाला नेमका एक काना आठवतो, याला काय म्हणावे? हयातीचे दाखले तर मी स्वतः दिले आहेत. निराधार योजनेतील म्हाताऱ्या माझ्यासमोर धापा टाकत उभ्या असत आणि मी त्यांना ओळखपत्राची छायाप्रत मागत असे. ही आठवण नेमकी त्याच वेळी यायला नको होती.

शेवटी त्या मुलीने कंटाळून डाव्या हाताची अनामिका ठेवायला सांगितली. हिरवा दिवा लागला. ज्या बोटाने उभ्या नोकरीत ना कधी पेन धरले ना शिक्का मारला, त्या एकट्या बोटाला शासनाने ओळखले.

पावती घेऊन मी निघालो, तर गृहस्थांनी ती कोरी स्लिप माझ्यापुढे धरली. चष्मा घरी राहिला होता म्हणे. "एवढी भरून द्या, भाऊसाहेब. अक्षर तुमचं पहिल्यापासून झ्याक. वडिलांच्या नावात तेवढं बघून लिहा."

मी बघून लिहिले. काना जरा जास्तच लांब झाला, खालच्या ओळीपर्यंत गेला. त्यांनी स्लिप डोळ्यांपासून लांब धरून निरखली आणि म्हणाले, "आता कसं!" मग ते काउंटरकडे वळले. हरकत मागे घेतल्याचे मात्र काही बोलले नाहीत.