खडेमीठ बरणीत राहू द्या, वरणात नको

गावच्या किराणा दुकानात रात्री सगळा माल आत जातो, मिठाचं पोतं तेवढं ओट्यावरच राहतं. चोरही त्याला हात लावत नाही. हल्ली मात्र या खडेमिठावरून घराघरात वाद होतात. कोणी म्हणतं हे गुरांचं मीठ, कोणी व्हॉट्सॲप वाचून सांगतं की बारीक मीठ विष आणि खडेमीठ अमृत. मला दोन्ही पटत नाही.

हे मीठ येतं कुठून ते बघा. उरण-पेणकडच्या मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवतात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात क्षार असतात साधारण ३५ ग्रॅम. पाणी दाट होत गेलं की आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं. मागे उरतं ते मॅग्नेशियमचं कडू पाणी, ते काढून टाकतात. तरी थोडं खड्यांना चिकटून येतंच, आणि ते हवेतली ओल ओढतं. म्हणून आषाढात आपलं मीठ पाझरतं. ती भेसळ नव्हे.

आपल्या विदर्भात समुद्र नाही, पण पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा आहे, म्हणजे खाऱ्या विहिरींचा भाग. १९३० च्या एप्रिलमध्ये दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला, तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलं. दांडी पोरांना तोंडपाठ असते, दहीहंडा अकोल्यातल्या पोरांनाही माहीत नसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता स्वयंपाकघरात या. कैरीच्या फोडींना हळद आणि खडेमीठ चोळून ठेवलं की खडा सावकाश विरतो, फोडीला हळूहळू पाणी सुटतं. बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जी पूड घालतात ती नीट विरघळत नाही, खाराचं पाणी गढूळ होतं. आणि ठेचा! खलबत्त्यात लसूण-मिरचीवर दोन खडे टाका, पहिल्याच दणक्यात मिरचीची साल फाटते. बारीक मीठ घातलं तर मिरच्या नुसत्या इकडेतिकडे सरकत राहतात. माय म्हणते, "अंदाज हाताले असते बाई, चमच्याले नसते." तिचं बरोबर आहे. चमचाभर खडेमिठात मधे पोकळी राहते, बारीक मीठ गच्च भरतं. बारीक मिठालाही तोच चमचा लावला की भाजी खारट.

पण रोजच्या वरणा-भाजीत आणि कणकेत आयोडीनचंच मीठ हवं, यात मी तडजोड करणार नाही. समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन नावालाच असतं. ते कमी पडलं तर गलगंड होतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. सरकारने गलगंडाविरुद्धचा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू केला तो याच कारणाने. खडेमीठही आयोडीनयुक्त मिळतं, पिशवीवर वाचून घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर हे पाहाच.

गुलाबी मिठावर पैसे घालवू नका. तो रंग लोहाच्या अंशाचा, आणि तो अंश इतका कमी की चिमूटभर मिठातून रक्त काही वाढत नाही. उपासाला सैंधव खा, रोजच्या जेवणात नको.

आणि मीठ कोणतंही असो, दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्या ताटात लोणचं, पापड आणि ठेचा एकत्र असतात. बीपीची गोळी चालू असेल त्यांनी त्यातलं एकच घ्यावं, आणि पंगतीत ताटात मीठ वाढायला कोणी आलं तर नको म्हणावं.